न मावलेलं

बँकेतून सुटल्यावर ह्यांनी सात स्पीकर आणले
आणि जमिनीवर ठेवायचा एक ठोकळा,
जो घुमला की कपाटातल्या बशा बोलू लागतात.
सुदामा नगरातला आमचा हॉल तो केवढा,
मागचा डावा स्पीकर देवघराच्या डोक्यावर आला.
भिंतीला भोक पाडणारा पोरगा म्हणाला,
भाभीजी, भगवान भी सुन लेंगे.

चार महिने पाहुण्यांना चहाबरोबर
हे समजावून देत होते:
एकाच डिस्कवर दोन आवाज असतात.
एक काटछाट केलेला. मोठ्या आवाजाखाली लहान दबतो,
तो कानाला तसाही कळत नाही, म्हणून काढून टाकलेला.
दुसरा अख्खा. स्टुडिओत होता तसा, कणही न सांडता.
आपण अख्खा ऐकतो, असं म्हणायचे,
आणि रेठरेकर वहिनी मान डोलवायच्या
बशी मांडीवर सांभाळत.

मग जेल रोडवरून वासवानींचा माणूस आला, दुसऱ्याच कामाला.
वाकून मागे बघितलं त्याने.
साहब, ये तार तो पुराना है.
त्या वायरीतून अख्खा आवाज मावतच नाही.
मशीन चार महिने गपचूप काटछाटवालाच वाजवत होती,
गपचूप तरी कसं म्हणू,
पुढच्या खिडकीत हिरव्या अक्षरांत तसं लिहून.
त्या रात्री ह्यांनी भाताला नको म्हटलं.

नवी वायर आली. रविवारी माझी परीक्षा.
मधल्या खुर्चीवर बस, डोळे मीट,
मी बटण बदलतो, तू सांग अख्खा कुठला.
कुणीतरी जिना चढत होतं.
चपला, कठड्यावर बांगडी,
आणि मागे, देवांच्या वर, एक दार लागलं.
पुन्हा जिना. पुन्हा बांगडी. पुन्हा दार.
मला दोन्ही सारखेच.
पण ह्यांचा श्वास ऐकू येत होता,
निकालाच्या फळ्याखाली उभ्या पोरासारखा,
म्हणून म्हटलं, दुसरा.
दुसऱ्यात दार जरा लांब लागतं.
बरोब्बर! बघ निर्मला, कान आहे तुला.

निर्मळा.
वाईच्या शाळेच्या दाखल्यावर आहे माझा ळ,
वडिलांनी टाक बुडवून काढलेला, दोन गाठींचा.
लग्न होऊन इंदूरला आले
आणि सासूबाईंनी पहिली हाक मारली तिच्यात तो नव्हता.
कुणी मुद्दाम काढला नाही,
इथल्या वायरीत मावत नव्हता, इतकंच.
इथे जेवायची वेल होते.
पानात मुल्याची कोशिंबीर असते,
पोरं शालेत जातात आणि शिकून मोठी होतात.
पहिली दोन वर्षं मी दुरुस्त करत असे.
तिसऱ्या वर्षी माहेरी गेले तर बहीण म्हणाली,
निर्मळे, केळी म्हण बघू.
मी म्हटलं.
ती ओट्याला धरून हसली.

अडतीस वर्षांत कुठे काही अडलं नाही, हे खरं.
वेलेवर जेवलो. हाकेला ओ दिली.
कानाला कळत नाही ते काढतात, ठीक,
पण कुणाच्या कानाला,
ते ह्यांच्या माहितीपुस्तकात नाही.
दुपारी चष्मा लावून दोनदा शोधलं.

हल्ली सकाळी दिवा लावताना
त्या मागच्या डाव्या स्पीकरखाली उभी राहून
जीभ टाळूकडे मागे वळवून बघते.
येतो.
जरा गंजलेला, पण येतो.
हॉलमधून हे विचारतात,
काय वाजलं गं तिकडे?
दार, म्हणते.