मधली डबी

दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोकं आधी सोडव, बाबा म्हणतात,
आणि दहाचा पाना देतात. धातू बोटांना चिकटतो.
मोंटानातला जानेवारी. बाहेर उणे एकोणीस,
शेडमधला हीटर म्हाताऱ्यासारखा खोकतो.
सूचनांचा कागद मी वाचायचा,
त्यांनी "माहितीय" म्हणायचं.

डबी साबणाच्या वडीएवढी, काळी.
दोन वासरं विकून आणलेली,
आईला एकाच वासराचा हिशोब देऊन.

ओणवं होऊन, बोटांनीच बघायचं:
इंधनाच्या नळीच्या टोकाला सेन्सर,
त्याच्या प्लगची जीभ नखानं दाबली की सुटतो.
नाही सुटला.
मग स्क्रूड्रायव्हर, मग शिवी, मग सुटला.
आता त्या दोघांच्या मधे ही डबी बसवायची,
एक टोक सेन्सरला, दुसरं त्या वायरीला
जी संगणकाकडे जाते.
एक्झॉस्टपासून लांब घे. पट्ट्यांनी बांध. शेपटं काप.
बटणाची वायर रबरी भोकातून आत, स्टिअरिंगखाली,
एक ते पाच आकडे.

"करते काय ही?"
"खोटं बोलते," बाबा म्हणाले, तोंडात टॉर्च धरून.
"दाब असतो एवढा, ही सांगते कमी.
तो बिचारा समजतो, इंजिन उपाशी आहे,
आणि आणखी डिझेल वाढतो."

मला हसू आलं नाही. हे काम मला येतं.

ओढ्यापलीकडे ऑरिन काका राहतात.
घोड्यांचा एक ट्रेलर कुणीतरी कुणाला न विचारता विकला,
त्याला अकरा वर्षं झाली,
दोघा भावांत तेव्हापासून शब्द नाही.
जे काही आहे ते माझ्यातून जातं.
बाबा: "सांग त्याला, त्याचा बैल पुन्हा इकडे दिसला
तर सरळ फ्रीजरमधे जाईल."
मी पलीकडे: "बाबा विचारतात, कुंपणाला हात लावायला येऊ का?"
काका: "त्याचे हात माहीत आहेत मला."
मी अलीकडे: "काका म्हणतात, राहू दे, थंडी फार आहे."

शनिवारी गवताचे आठ गोल भारे मागे लावून
आम्ही चढाला लागलो, बटण चारवर.
जिथे दरवर्षी तिसऱ्या गिअरमधे, दिवे लुकलुकवत,
मागच्या सगळ्यांची माफी मागत चढायचो,
तिथे गाडीनं मानच खाली घातली नाही.
मागे काळा धूर, बर्फावर सांडलेल्या शाईसारखा.
बाबा रस्त्याकडे बघून हसत होते, पोरासारखे.
मी काट्याकडे बघत होते. धुराचं तापमान
बाराशे. तेराशे. आणखी थोडं.
वर, टपालपेटीपाशी, कुणीतरी टोपी धरून उभं होतं.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले,
"त्यानं मधे काहीतरी बसवलंय.
आवाज पोटातून येत नाही, घशातून येतो. कितीवर?"
"चारवर."
ते बराच वेळ नाल ठोकत राहिले. घोडं शेपूट झाडत होतं.
"पिस्टन वितळतील. ओझं असताना दोनच्या वर नको, सांग.
मी म्हटलं असं सांगू नकोस."

ओढा गोठलेला. पलीकडून अलीकडे शंभरेक पावलं.
तेवढ्यात मी नेहमीसारखं तयार केलं:
दुकानवाल्याचा फोन होता, तो म्हणाला दोन.
चांगलं होतं. बसलं असतं.

टेबलाशी बाबा बटाटे सोलत होते.
मी म्हटलं, "काका म्हणाले, पिस्टन वितळतील.
ओझं असताना दोनच्या वर नको, सांग.
मी म्हटलं असं सांगू नकोस."
जसंच्या तसं. शेवटच्या वाक्यासकट.

सुरी थांबली. आई नळ बंद करायची विसरली.
मग बाबांनी बूट चढवले, कोट घेतला नाही.
शेडचं दार वाजलं, पुन्हा वाजलं.
ते आले तेव्हा खांद्यावर बर्फ होता.
"दोनवर केलंय," ते बटाट्याला म्हणाले.
"सांग त्याला..."

मी हात पुसून उभी राहिले.
पुढचं काही आलं नाही.
साल मात्र एकाच लांब पट्टीत निघत होती,
न तुटता.