झाडाखाली उभं राहू नका

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार.
टेबलावर सात काठपदराच्या साड्या,
सगळ्यांना संध्याकाळी पाचच्या आत हव्या होत्या.
इस्त्रीतले कोळसे नुकते फुलले होते
आणि तळजाईच्या डोक्यावर आभाळ
करपलेल्या कापडासारखं तपकिरी झालं.

थंडीत कसला आलाय पाऊस, धारपकाका म्हणाले,
कानटोपी घालून, हातात दुधाची पिशवी.
तरी जाता जाता सोसायटीच्या फळ्याकडे बोट केलं :
वाऱ्यात झाडाखाली उभं राहू नका.
विजेच्या खांबाला हात लावू नका.
गच्चीतले पत्रे, कुंड्या बांधून ठेवा.
ओढ्याकाठच्यांनी वेळेत वर यावं.

मला हसू आलं.
एकोणीस वर्षं मी झाडाखालीच उभी आहे.
या रेनट्रीच्या बुंध्यात माझा खिळा,
खिळ्याला हिशेबाची वही,
फांदीला ताणलेला निळा कागद, एवढंच दुकान.
कुणी पत्ता विचारला तर
लोक माझं नाव सांगत नाहीत, झाड सांगतात.

आधी नुसता वारा.
चौकातल्या जाहिरातीवरची बाई
अर्धी फाटून लटकली, हसतच.
मग आडवा पाऊस, बोचरा,
डिसेंबरातल्या नळासारखा गार.

झाडाचे आवाज मला पाठ आहेत.
शेंगा पडतात तो, घारीनं काटकी मोडली तो,
उन्हाळ्यात साल तडकते तो.
हा त्यातला नव्हता.
ओली गोधडी पिळताना
आत कुठेतरी शिवण सुटावी, तसा.

कोळशांवर बादली उपडी केली.
चादरीत साड्यांचं गाठोडं बांधलं.
इस्त्री सोडली. सात किलो लोखंड
पळणाऱ्या बाईला काय कामाचं?

रस्ता ओलांडून मागे पाहिलं तर
बुंध्याला टेकून एक पोरगा,
पाठीवर जेवणाची चौकोनी पेटी, हातात मोबाइल.
ओरडले. वाऱ्यानं शब्द उलटे नेले.
परत गेले. पेटीचा पट्टा धरला
आणि बैल ओढावा तसा ओढला त्याला
जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत.

"मावशी, तुम्ही रोज तिथंच असता,
म्हणून म्हटलं, झाड भरवशाचं असेल."
जिंतूरचा होता. वैजनाथ.
मला काही बोलता आलं नाही.

लिंबाजीनं मेन स्विच पाडला होता.
अंधारात कुणीतरी टॉवेल दिला, कुणी अर्धा कप चहा.
मग ते पडलं.
जमीन हलली ती पायाला आधी कळली,
कानाला नंतर.

सकाळी महापालिकेची माणसं करवत घेऊन आली.
टेबलाचा भुगा. वहीचा लगदा, म्हणजे
उधारी सगळ्यांची माफ.
इस्त्री मात्र सापडली, फांदीखाली, कान मोडलेली.
बुंधा आतून पोकळ होता.
मी हात घातला, कोपरापर्यंत गेला.
इतकी वर्षं पाठ टेकली त्याला,
कधी वाजवून पाहिलं नाही.

शहांच्या साडीवर पाण्याचा एक डाग राहिला.
पैसे कापले नाहीत, बोलून दाखवलं.

आता भिंतीकडेला उभी असते, उन्हात.
डोळ्यांवर हात धरून कपडे ओळखते.
पुढच्या आठवड्यात वैजनाथ एक शर्ट घेऊन आला,
सवयीनं समोरच्या गुलमोहराखाली जाऊन थांबला.
वारा नव्हता, पानही हलत नव्हतं.
तरी म्हटलं,
इकडे ये बाबा, उजेडात.
आणि आधी वर बघ.