हल्लु

दाते तिनं काडेपेटीत आणले होते.
सतरा. पांढरे, नायलॉनचे, उंदराच्या दातांएवढे.
"चिकटतात काय वो मामा?"

भैरवीचा ट्रक माझ्या बेंचवर उताणा,
पोटात राजहंसगडाची तांबडी माती,
ॲक्सलला गुंडाळलेली एक वाळकी काडी.
दिवाळीत तिच्या बापानं मोटर बदलली,
पुण्याहून मागवून, ब्रशलेस, दुप्पट ताकदीची.
ताकद आली. ती पोचवणारं जुनंच राहिलं.
यळ्ळूरच्या चढाला रिमोट दाबला तर
मोटर बोंबलली, चाकं गप्प.

आम्ही उद्यमबागेत उसाच्या चरकाचे गिअर कापतो.
एकेक उचलायला दोन माणसं लागतात.
हे रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं,
ह्याचा हॉब आमच्याकडं कुठला असायला?
इरण्णाकडं होता.
पेपरमिंटच्या डब्यात, ग्रीसच्या फडक्यात, बावीस वर्षं.
कशासाठी ठेवलेला, ते त्यालाच आठवेना.
"एष्टु हल्लु?"
माणसाचा असो की चाकाचा, त्याच्या भाषेत दोन्ही हल्लु.
त्याचे स्वतःचे समोरचे तीन पडलेत,
म्हणून शब्द जरा वारा घेऊन येतो.
"चौपन्न," मी म्हटलं.
"ऐवत्तनाल्कु," तो म्हणाला, खात्रीसाठी.
मशीननं दोघांचं ऐकलं आणि तेवढेच कापले.

बसवताना दाते दातांत गच्च दाबायचे नसतात.
हे भैरवीला पटेना.
"घट्ट असलं की चांगलं न्हवं?"
मी खिशातलं खानापूर बसचं तिकीट काढलं,
एक पट्टी फाडून दोन चाकांमध्ये घातली, फिरवली.
पलीकडून निघाली ती नागमोडी,
चुण्या पडलेली, पण अख्खी.
"एवढीच फट. कागदाची.
त्याहून कमी झाली तर तापतात,
जास्त झाली तर एकमेकांना खातात."
पट्टी तिनं कंपासपेटीत ठेवली.

पहिल्या रविवारी गिअर टिकला, ॲक्सल मोडला.
ॲक्सल पोलादाचा केला. जॉइंट गेला.
जॉइंट केला. गिअरबॉक्सची पेटी चिरली.
पेटी ॲल्युमिनियमची, मिलिंगवर, दोन रात्री,
मालकाला न सांगता.
मग त्या पोलादी देहात मोटरच जळाली,
व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर,
फिरायला आलेली माणसं नाक धरून लांबून गेली.
मोडणं काही नाहीसं होत नाही,
पुढच्या घरी राहायला जातं.

भैरवी रडली नाही. बेंचवर बसून पाय हलवत राहिली.
मी तिला आमचं जुनं लेथ दाखवलं.
फीडच्या शाफ्टवर एक पिन आहे, पितळेची, करंगळीच्या पेराएवढी.
लोड आला की ती तुटते.
महिन्यातून दोनदा तुटायची,
मालक ओरडायचा, काम थांबायचं.
एकदा कंटाळून मी पोलादाची घातली.
पिन तुटली नाही.

भैरवीनं माझ्या डाव्या हाताकडं बघितलं.
मोजलं नाही. शहाणी आहे.

नवी मोटर आली. बाकी सगळं पोलाद तसंच ठेवलं,
चौपन्न दात्यांचं तेवढं काढलं
आणि नायलॉनच्या दांड्यावरनं पुन्हा कापलं.
पांढरं शुभ्र, बोटाच्या टोकाला गार.
"म्हणजे परत पहिल्यासारखंच की!"
"नाही. आता कुठं मोडायचं ते आपण ठरवलंय.
चार स्क्रू काढले की दहा मिनिटांत बदलता येतं. तुझं तुला."

तिच्याच काडेपेटीत मावेनात म्हणून
सुपारीच्या डबीत सहा जास्तीची दिली.
गेटपर्यंत ती डबी वाजवत गेली,
मग गेटाबाहेरही ऐकू येत होती.

इरण्णानं हॉब पुसला, फडक्यात गुंडाळला,
पेपरमिंटच्या डब्यात घातला
आणि डबा ह्या खेपेला
फळीच्या पुढच्या कडेला ठेवला.