दादू कालव्यातली बुल्हण

जानेवारीत बंधाऱ्याची दारं पडली
आणि कालवा गुडघ्याएवढा उरला.
त्यात ती. कुशीवर पोहत होती,
एक पंजा खालच्या चिखलाला लावून,
खमीसो चाचा रात्री भिंत चाचपत
माठापाशी जातो, तशी.

आम्ही सातजण, एक जाळं,
आणि बहिणीच्या लग्नात आलेली रल्ली, भिजवलेली.
"ट्रकात तू बस," चाचा म्हणाला.
"अंगावर पाणी ओतत राहा.
पण डोक्यावर ती फट आहे ना, तिच्यात थेंब नको.
नाक आहे ते.
तोंडानं ती नुसतं खाते.
श्वास आणि घास
तिच्या घशात एकमेकांना ओळखत नाहीत."

मी डोळा शोधला.
सुईनं टोचल्याएवढा. आत भिंग नाही.
उजेड आहे की नाही, इतकंच कळतं म्हणे.
या गढूळ सिंधूत
डोळ्यांचं काय लोणचं घालायचंय?
ती बघते कपाळानं.
टकटक सोडते, टकटक परत येते,
खालच्या जबड्यातून कानात शिरते:
हा मासा. हा पुलाचा खांब.
हे जाळं. (हे कधीकधी उशिरा.)

चोच हातभर लांब,
मिटली तरी दात बाहेर, विणायच्या सुयांसारखे.
माशाला मान नसते.
हिनं मान वळवली, माझ्याकडे.
मग पाणी ओतताना पंजा हाताला लागला
आणि कातडीखाली बोटं.
मोजली. पाच.
पुन्हा मोजली.

फूस्स्.
गरम वाफ, मासळीचा वास, माझा चष्मा धुरकट.
मग बराच वेळ काहीच नाही.
रोहरीकडच्या खड्ड्यांत मी आकडे म्हणत होतो,
ऐंशी, नव्वद, एकशे दहा,
एकशे तिसाला केबिनच्या पत्र्यावर मुठी आपटल्या.
बच्चलनं करकचून ब्रेक मारला
आणि
फूस्स्.
बच्चलनं मला दिलेली शिवी
इथं लिहिण्यासारखी नाही.

नदीत कमरेएवढ्या पाण्यात उतरून
रल्लीची टोकं सोडली.
अंधार. चाचाला मोतीबिंदू, मला धुकं.
"गेली?" त्यानं विचारलं.
"दिसत नाही."
"बघू नकोस, गप्प उभा राहा."

उभा राहिलो.
पाणी पोटरीला लागून जात होतं.
लांब कुठंतरी कुणीतरी
मोठ्यानं श्वास सोडला.

रल्लीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.
ती वाहत गेली.
घरी तो विषय अजून मिटलेला नाही.