आधी हो, मग चौकशी

या राज्यात क्रम ठरलेला आहे.
आधी पगार बघायचा, मागच्या भाड्याच्या पावत्या बघायच्या,
मग म्हणायचं, जागा तुमची,
आणि त्यानंतरच विचारायचं,
बाई, कधी तुरुंगात होतात का.
म्हणजे सुपारी फुटल्यावर पत्रिका मागायची.
आमच्याकडे हे कुणी ऐकून घेतलं नसतं.

वँडा ओकेंडो. वय त्रेपन्न.
ट्रेंटनच्या इस्पितळात, लाँड्रीत रात्रपाळी.
वरचा मजला बघायला आली तेव्हा
नळ सोडून तिनं मनात आकडे मोजले,
गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते.
खिडकीतून पुलावरची लाल अक्षरं अर्धीच दिसतात,
तेवढ्यावर खूश झाली.
मग विचारलं, "आधीचे भाडेकरू का गेले?"
मला उत्तर सुचेना.
इतक्या वर्षांत माझी चौकशी कुणी केलीच नव्हती.

मी पत्र दिलं. सशर्त, सहीनिशी.
मग एकोणतीस डॉलर भरून अहवाल मागवला.
कंपनी काही चाळून देत नाही, सगळं ओतते:
सोळा वर्षांपूर्वी, कॅमडन, घरफोडी, अडीच वर्षं.
कायद्याच्या मोजणीत हे केव्हाच शिळं.
मी वाचलं, पण वाचलेलं धरायचं नाही.
सांगा, उलटं वाचायला कुठे शिकवतात?

घरफोडी.
आपल्या भाषेत हा शब्द भिंतीला भोक पाडतो
आणि वेळ पडली तर
सुना-जावांच्या नावावरही खपतो.
ओकेंडोबाईंनी कुणाचं घर, कशासाठी,
ते रकान्यात मावलेलं नाही.

एडिसनहून दीर म्हणाला,
"वहिनी, कारण लिहायचंच कशाला?
दुसरा कुणी मिळाला, सांगून टाका. सगळे तेच करतात."

सगळे तेच करतात.
भुसावळात, मी नऊ वर्षांची,
दादांनी तीन महिन्यांचा ॲडव्हान्स दिलेला,
खोली रंगवून होत आलेली, पिस्त्याच्या रंगात.
मालकीणबाईंनी पावती लिहायला घेतली
आणि पेन थांबवून विचारलं, "आडनाव?"
"तायडे."
दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, पुतण्या येतोय राहायला.
नोटा त्यांनी ओट्यावर ठेवल्या.
दादांचा हात पुढे होता, तरी ओट्यावर.
दादांनी त्या दोनदा मोजल्या. पुरेपूर होत्या.
पुतण्या काही आला नाही.

ही तुलना बरोबर नाही, कळतं मला.
दादांनी काही फोडलं नव्हतं.
तरी अहवाल वाचताना
डोळ्यांपुढून तो ओटा हलेना.

शनिवारी किल्ल्या दिल्या. हातात.
तिनं त्या कोटाच्या खिशात टाकल्या आणि म्हणाली,
"तुमचा बॉयलर खोकतो, माहीत आहे ना?"

आता खरं ते सांगते.
आदल्या दिवशीच मी तळघरासाठी
नवं कुलूप आणलं होतं. पितळी, चार आकड्यांचं.
तळघरात आहे काय?
नाताळचे दिवे, एक मोडकी सूटकेस, मुलाची बर्फातली घसरगाडी.

कुलूप अजून पाकिटातच आहे.
पावती फ्रिजला लावून ठेवलीय:
तीस दिवसांच्या आत परत करता येईल.