पिल्ले किती, हा रकाना

धुपदाळचा बंधारा, जानेवारी, सकाळचे पावणेसात.
भीमशी गार्ड कन्नडात मोजतो, मी मराठीत,
म्हणजे चूक झालीच तर दोघांची वेगळी होईल.

पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे, तो जाणता.
पट्टे नाहीत, मान मळकट, ते यंदाचं पिल्लू.
हरभऱ्याच्या रानातून एक जोडी पाण्याकडे निघाली
आणि मागची ओळ संपेचना.
सात, आठ, नऊ.
ओंबत्तु, म्हणाला भीमशी, आणि दुर्बीण शर्टाला पुसली.

अंडी घालतात चार, फार तर सहा,
हिमालयापलीकडच्या तळ्यांकाठी.
इथवर दोन-तीन पोचली तरी पुष्कळ.
मग हे लेंढार कुणाचं?

मी वाचलंय:
लेंढार मोठं, तर चरायला जागा चांगली मिळते.
कोल्ह्याने उचललंच तर कडेचं उचलतो,
आणि कडेचं बहुधा परक्याचं असतं.

मी कडेला झोपायचे.
निपाणीत, अक्काताईच्या खोलीत, दाराला लागून,
सातांच्या ओळीत सातवी.
तिची पोटची दोन. दोन जावेची.
एक वखारीतल्या बाईचा, ती परत आलीच नाही.
एक कुठून आला ते कुणी विचारलं नाही.
आणि मी.
फटीतला वारा आधी माझ्या पायांना लागायचा.

पंचवीस विड्यांचा एक कट्टा.
चौदा हात जास्तीचे, दिवसाला तीन हजार.
शेजारणी म्हणायच्या, हिशेबाची बाई.
असेल.
मीही म्हणायचे, मनात, भांडी घासताना.

शिरगणतीवाला आला तेव्हा
ती टेंभुर्णीची पानं कापत होती.
मुलं किती?
सात की.
स्वतःची किती, बाई?
कात्री थांबली नाही.
सात म्हणलं न्हवं? कानडीत सांगू काय? एळु.

भीमशीने कागद पुढे केला.
आमच्या फॉर्मात रकाने दोनच, जाणते आणि पिल्ले.
दोन. नऊ.
त्याने सही कन्नडात केली, मी खाली माझी.

नववं अजून पाण्यात उतरलं नव्हतं,
चिखलात काहीतरी उपटत मागे राहिलेलं.
मादी मान उंच करून थांबली होती.
त्याच्यासाठी, की नुसता वाऱ्याचा अंदाज घेत,
दुर्बिणीतून कळत नाही.