डाव्या हाताची अनामिका

पोस्टाच्या ओट्यावर माझं टेबल,
मंगळवार आणि शुक्रवार.
मशीन, साबणाची वडी, ओलं फडकं,
शाळेतून मागून आणलेली पाठकोरी वही.
रेंज गेली की मशीन छातीशी धरून
मी बाभळीपर्यंत चालत जाते,
रांग माझ्या मागे येते,
चपला मात्र ओट्यावर नंबर धरून बसतात.

हप्ता पडल्याचं गावाला माझ्याआधी कळतं.
कोणाच्या तरी जावयाचा मोबाइल वाजतो
आणि पऱ्हाटीतून बाया
कापसाच्या ओट्या न सोडताच येतात.

बँकेनं शिकवलं नाही, पण बोटं मला कळायला लागली.
बोंडांच्या नख्यांनी सोलवटलेली टोकं,
सोयाबीन सोंगताना लागलेले काप,
आणि तंबाखूत चुना मळून मळून
पार कोरे झालेले उजवे अंगठे.

लटारी खिरटकर. जन्म एक जानेवारी,
गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांसारखाच.
उजवा अंगठा लागला नाही. डावाही नाही.
"जुळत नाही, काका."
"कोनासंग?"
"तुमच्यासंगच."
"हात्तिच्या. माह्यासंग माही पार्बता नाही जुळली
चाळीस वर्सात, हे काय जुळन?"
पार्बताबाई मागेच उभी होती.
ऐकलंच नाही असं तिनं केलं.

साबण लावून, धोतराला पुसून
एकेक बोट ठेवत गेलो.
नवव्यावर, डाव्या अनामिकेवर, हिरवी खूण आली.
लटारीकाकानं ते बोट उन्हात धरून पाहिलं,
दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं.

त्या दिवसापासून त्यानं ते कामातून काढून घेतलं.
वखरावर, विळ्यावर, शेण काढताना
अनामिका चिंधीत बांधलेली, बाकीची नऊ राबतात.
पोरं विचारतात, "आबा, लागलं का?"
"नाही बे. सरकारी हाये."
चार महिन्यांनी यायचा, टेबलापाशी चिंधी सोडायचा.
आत फिकट, मऊ,
तहसिलीतल्या कारकुनाचं वाटावं असं बोट.

मग वरोऱ्याहून कागद आला.
कोतवालानं वाचून दाखवला, दोनदा.
दोन एकर त्याच्या नावानं, दीड पार्बताबाईच्या,
आणि हप्ते दोघांनाही.
कुटुंब एक, लाभ एक.
एकानं परत करायचे, सहा हप्ते, बारा हजार.
घरी काय बोलणं झालं मला माहीत नाही.
एवढं माहीत आहे
की तिचा अंगठा पहिल्याच दमात लागतो.

शुक्रवारी तो तुरीचे पैसे घेऊन आला,
नोटांच्या घडीत थोडा भुसा.
मी मोजले, भरले, पावती काढली.
तोवर त्यानं चिंधी सोडून
बोट पुढे करून ठेवलेलं.
"परत कराले नाही लागत, काका."
"नाही?"
"नाही."
"लाव तं खरं."
मी लावलं.
मशीनचा लाल उजेड
नखातून आरपार दिसला.

काल पार्बताबाई आली. अंगठा, हिरवी खूण, दोन हजार.
तो ओट्याच्या कडेला तिच्या चपला राखत बसलेला.
उठताना त्यानं डावा हात माझ्यापुढे धरला.
अनामिकेवर विळ्याचा ताजा काप,
त्यात हळद भरलेली.
"लागलं कामाले," म्हणाला.
पार्बताबाई केव्हाच पुढे निघून गेली होती,
नोटांची पुडी
त्याच्याच चिंधीनं बांधून.